शुभहस्ते पासवर्ड

महागाव तालुक्यातल्या त्या शाळेत श्रीकृष्ण मुळावकर नावाचे एक लिपिक आहेत, हे फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. गाव त्यांना खिचडी बाबू म्हणायचं. मुळावकरांच्या घराण्यानं पिढ्यानपिढ्या लेखणीवर पोट भरलं. आजोबा तहसिलीत, वडील कोर्टात, आणि श्रीकृष्ण तांदळाच्या पोत्यांत. शाळेत पोरांची खिचडी सुरू झाली तेव्हा संस्थेनं कोठीखोलीची किल्ली 'तात्पुरती' म्हणून त्यांच्या हातात ठेवली, आणि आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टी जशा टिकतात तशी ती टिकली. पोती उतरवून घ्यायची, तांदळातले सोंडे पाखडून काढायचे, तेलाचे डबे मोजायचे आणि उंदरांशी जन्माचं वैर धरायचं, यात माणसाचे केस पांढरे झाले. एका लग्नपत्रिकेच्या पाकिटावर तर 'खिचडी बाबू, सहकुटुंब' असं लिहून आलं. त्यांच्या पत्नी सुनीतीबाई त्या लग्नाला गेल्या नाहीत. बाबू गेले, आणि पंगतीत खिचडी नव्हती यातच त्यांनी समाधान मानलं.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. निरोपाच्या भाषणात कोणी खिचडीचं नाव काढू नये, एवढीच आता त्यांची संस्थेकडून अपेक्षा होती.

अशात संगणक आला. नागपूरच्या कुठल्याशा सेवाभावी मंडळानं शाळेला नमुन्यादाखल एक संगणक पाठवला. अट अशी, की आठवड्याभरानं मंडळाची माणसं येऊन बघतील. वापरात असला तर आणखी नऊ देतील, नसला तर हाही उचलून नेतील. संस्थेचे अध्यक्ष रामलालजी राठोड, म्हणजे पलीकडच्या बंजारा तांड्यावरचे मोठे शेतकरी, त्यांनी जागच्या जागी निकाल देऊन टाकला.

"नऊ आले तं संगणकाची खोली तुमची, बाबू. खुर्ची देतो, पंखा देतो, दारावर पाटी लावतो. नाई आले तं कोठीखोली हायेच."

"साहेब, संगणक म्हणजे माझ्या हातचा मळ आहे," बाबू म्हणाले. पंख्याखाली बसलेलं आपलं चित्र त्यांना दिसायलाही लागलं होतं.

हातचा मळ म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. बाबू अधूनमधून भाच्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसत, आणि तिथल्या विंडोजवर त्यांनी एक विद्या मिळवली होती. माउसचं उजवं बटण दाबायचं आणि 'रिफ्रेश' करायचं. संगणक अडकला तर रिफ्रेश करायचं, नाही अडकला तर पुढं अडकू नये म्हणून करायचं. पूजेला बसताना आचमन करावं तसं ते तीन-तीनदा करत. मग खुर्चीत मागं रेलून "आता झाला मोकळा" असं म्हणत. यापुढचं सगळं भाचा करायचा.

यवतमाळहून धम्मदीप नावाचा तरुण संगणक जोडून द्यायला आला. तारा जोडल्या, एक पेनड्राइव्ह लावला आणि त्याच्यावरूनच यंत्र चालवून दाखवलं. बाबूंनी पडद्याकडे पाहिलं. डाव्या कोपऱ्यात स्टार्टचं बटण नव्हतं. सी ड्राइव्ह नव्हता. 'माय कम्प्युटर' गायब, त्याच्या जागी 'होम'. ऑफिसात बसून घर कशाला उघडायचं, हे काही त्यांना उमगेना.

"हे विंडोज नाई, काका. लिनक्स हाय," धम्मदीप म्हणाला. "फुकट हाय, आन याच्यावर कोणाची मालकी नाई."

फुकट हे बाबूंना पटलं. पण कोणाचीच मालकी नाही अशी वस्तू आपल्या संस्थेत कशी काय राहणार, याची त्यांना काळजी वाटली. त्यांनी धीर करून माउसचं उजवं बटण दाबलं. यादी उघडली. वरून खाली वाचली, खालून वर वाचली.

"यात रिफ्रेश कुठं आहे?"

"लागतच नाई, काका."

"लागत नाही म्हणजे? मग मी करायचं काय?"

धम्मदीपला हसू आलं, पण पोरगा चांगल्या घरचा होता, त्यानं ते गिळलं. जाताना तो पेनड्राइव्ह बाबूंच्या हातात ठेवून म्हणाला, "आता यंत्रात बसवून ठेवलं हाय. पह्यल्यांदा चालू केलं का नाव विचारंन, पासवर्ड विचारंन. पासवर्ड आठ अक्षरांचा ठेवा, आन टाकतानी कोणी पाहू नाई. काही बिघडलं तं या पेनड्राइव्हवरून सगळं नवीन टाकता येते."

आता, त्या संस्थेत एखादी वस्तू नुसती चालू करण्याची पद्धत नाही. हातपंपाचं उद्घाटन झालं, सायकल स्टँडचं झालं, मुतारीचंसुद्धा झालं; ते पाहुण्यांनी नेमकं कसं केलं ते विचारू नये. आणि उद्घाटन म्हटलं की मानाची वाटणी आली. अध्यक्ष रामलालजी आणि उपाध्यक्ष खेमसिंग पवार यांचं गेल्या निवडणुकीपासून फाटलेलं. खेमसिंगजींच्या ट्रका पांढरकवड्याहून चालायच्या. तिथून ते केवळ आपला मान कमी तर झाला नाही ना, हे बघायला दर कार्यक्रमाला हजर व्हायचे. तिसऱ्या सरपंच ममताबाई आडे, आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसणारे त्यांचे यजमान लखनभाऊ. चौथे मुख्याध्यापक, ज्यांना स्वतःचं मत असल्याचं आजवर कोणी ऐकलेलं नव्हतं.

या सगळ्यांना सांभाळून घ्यायची कला मात्र बाबूंकडे खरोखर होती. एकानं फीत कापली की दुसऱ्यानं नारळ फोडायचा, आणि समईच्या वाती चौघांनी एकेक लावायच्या, म्हणजे कोणाचंच पित्त खवळत नसे. आदल्या दिवशी कार्यक्रमपत्रिका आखताना बाबू पासवर्डापाशी येऊन थांबले. तो कोणाच्या हस्ते? रामलालजींच्या म्हटलं तर खेमसिंगजी उठून जाणार. खेमसिंगजींच्या म्हटलं तर आपली खोली जाणार. बराच वेळ डोकं खाजवल्यावर त्यांचं लक्ष कपाटावरच्या समईकडे गेलं आणि कोडं सुटलं. आठ अक्षरं, चार पाहुणे. प्रत्येकी दोन! आपल्या हुशारीवर ते इतके खूश झाले की त्यांनी त्या दिवशी शिपायाला स्वतःच्या पैशानं चहा पाजला.

कार्यक्रम दृष्ट लागण्यासारखा झाला. संगणकाला हार, माउसला हळदकुंकू. बाबूंनी यंत्र चालू केलं, नावाच्या जागी 'शाळा' असं टाकून दिलं आणि ते माइककडे वळले. "आता अध्यक्ष महोदयांना विनंती करतो, की त्यांनी आपल्या शुभहस्ते पासवर्डाची पहिली दोन अक्षरं अर्पण करावीत!" टाळ्या वाजल्या. पाहुण्यांच्या हाताकडे टक लावून पाहणं सभ्यतेचं नव्हे म्हणून बाबूंनी तोंड फिरवलं आणि एक चारोळी म्हटली. रामलालजींनी दोन बटणं दाबली. खेमसिंगजींनी दाबली. ममताबाईंनी बोट पुढं केलं तेवढ्यात लखनभाऊंनी त्यांच्या वतीनं दाबून टाकली. शेवटी मुख्याध्यापकांनी दाबली. पडद्यावर आठ काळे ठिपके उमटले.

यंत्रानं तोच पासवर्ड पुन्हा मागितला. दोनदा मान मिळतोय म्हटल्यावर पाहुणे आनंदले. पण दुसऱ्या वेळी 'जुळत नाही' असं आलं, आणि रामलालजींनी खेमसिंगजींकडे पाहिलं, खेमसिंगजींनी रामलालजींकडे. "मी तं तेच दाबले," दोघंही एकदम म्हणाले. पुन्हा पहिल्यापासून झालं आणि या खेपेला जुळलं. फोटो निघाले. संध्याकाळी बाबूंनी संगणक बंद केला, त्यावर टॉवेल झाकला आणि घरी जाऊन सुनीतीबाईंना सांगितलं की खोली आली म्हणून समज.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी यंत्र चालू केलं. पडद्यावर 'शाळा' असं नाव आलं, खाली एक रिकामी चौकट. यंत्र पासवर्ड मागत होतं. बाबूंनी सवयीनं माउसचं उजवं बटण दाबलं. काही झालं नाही. मग त्यांच्या हळूहळू लक्षात आलं, की हा पासवर्ड या जगात कोणालाच माहीत नाही. तो चार माणसांत वाटला गेला आहे.

त्यांनी धम्मदीपला फोन लावला. तो म्हणाला, "कायले टेन्शन घेता, काका? पेनड्राइव्ह लावा, सगळं पुसून नवीन टाका. अर्ध्या तासाचं काम हाय."

"अरे, पण मग उद्घाटन?"

"उद्घाटनाचं काय?"

"तेही पुसलं जाईल ना!"

या वेळी धम्मदीपला हसू गिळता आलं नाही. पण बाबूंचं चुकत नव्हतं. अध्यक्षांनी अर्पण केलेली अक्षरं एका लिपिकानं पुसली, हे कानावर गेलं असतं तर खोली राहिली बाजूला, कोठीखोलीतलं स्टूलही गेलं असतं. त्यापेक्षा चार दारं हिंडून आठ अक्षरं गोळा करणं परवडलं.

मुख्याध्यापक तर शेजारच्याच खोलीत होते. "जी साहेबांची अक्षरं तीच माझी," ते हळूच म्हणाले. "साहेबांचं बोट कुठं गेलं ते पाहिलं आणि तिथंच दाबलं. त्यांच्या बाहेर मी कधी गेलोय का?" कोणती बटणं होती, हे मात्र त्यांना सांगता येईना. म्हणजे अध्यक्षांची कळली की यांची आपोआप कळणार होती.

सरपंचांच्या घरी लखनभाऊ ओट्यावरच बसले होते. "दाबले मी, पण मान तिचा. तिलेच विचारा," ते म्हणाले.

आतून ममताबाईंचा आवाज आला, "मले हात तरी लावू देल्ला का? आता कायले मले विचारता?"

लखनभाऊंनी दाढी खाजवली. "एक आन दोन असंन. नाई तं दोन आन एक."

एवढं तरी मिळालं म्हणून बाबू तांड्यावर गेले. रामलालजींनी "जय सेवालाल, या या" करून बाजेवर बसवलं, चहा दिला, कपाशीचं बोलणं झालं. मग बाबूंनी अडखळत मुद्दा काढला. रामलालजींचे डोळे बारीक झाले.

"खेमसिंगनं आपले सांगतले काय?"

"अजून तिकडं गेलो नाही, साहेब."

"मंग त्याचे पह्यले आणा. आपण आपले अक्षर सांगून बसाचे, आन तो मुठीत ठेवून राहीन. असं राजकारण मी लय पाह्यलं."

बाबू यवतमाळला गाडी बदलून पांढरकवड्याला गेले. खेमसिंगजी ट्रकच्या टायरांमधे खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कार्यक्रमात पह्यला मान कोणाचा होता?"

"अध्यक्षांचा, साहेब."

"मंग सांगाची पाळी बी पह्यली त्याचीच. त्याच्या आधी मी बोललो तं त्याचा अपमान नाई का होनार?"

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून बाबूंनी हिशेब केला, तर इतकं हिंडून त्यांच्या पदरात पडलं होतं ते लखनभाऊंचं एक आणि दोन. नाही तर दोन आणि एक. पुढच्या दिवसांत दोन्ही साहेबांना पुन्हा फोन झाले, मध्यस्थ झाले, पण कोणीही जागचं हललं नाही. मंडळाची माणसं उद्या येणार, असा निरोप आला तेव्हा बाबू दुपारी जेवायला घरी आले आणि ताटावर नुसते बसून राहिले. रडावंसं वाटत होतं. आयुष्यात एकदा नशिबानं दार उघडलं, आणि आपणच ते चौघांच्या हातात वाटून दिलं.

सुनीतीबाईंनी सगळं ऐकलं. "त्यांचे हात, यांचे हात," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हाला देवानं हात दिले नाहीत का?"

बाबू ताटावरून उठले ते थेट शाळेत गेले. दाराला कडी लावली. पेनड्राइव्ह लावला, धम्मदीपला फोन करून कोणतं बटण दाबत राहायचं ते विचारून घेतलं, आणि यंत्र चालू केलं. दोनदा फसलं, तिसऱ्यांदा भाषांची यादी आली. तिच्यात मराठी होती. बाबूंना ओळखीचं माणूस बाजारात भेटल्यासारखं झालं. मग यंत्रानं विचारलं, की डिस्कवरचं सगळं पुसून नव्यानं बसवायचं का? बाबूंचा हात थांबला. त्या 'सगळं'मधे अध्यक्ष होते, उपाध्यक्ष होते, लखनभाऊंचे एक आणि दोन होते. त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं, डोळे मिटले आणि बटण दाबलं.

आकाश कोसळलं नाही. पडद्यावर एक पट्टी सावकाश भरत गेली, आणि मधेच प्रश्न आला, तुमचं नाव काय? गेल्या कित्येक वर्षांत बाबूंना हे कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी एकेक अक्षर शोधून 'मुळावकर' असं टाकलं, आणि ते बराच वेळ पाहत राहिले. पासवर्ड काय टाकला, ते त्यांनी सुनीतीबाईंनाही सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत ते या मेनूतून त्या मेनूत हिंडत होते. नवीन माणसाचं नाव कुठं घालायचं, तेही त्यांना सापडलं. रिफ्रेशची आठवण झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या अनघाताई नागपूरहून आल्या. चारही पाहुणे आधीच खोलीत दाटले होते, आणि बाहेर पोरं खिडकीच्या गजांना लोंबकळत होती. बाबूंनी यंत्र चालू करताच रामलालजी पुढं सरसावले आणि त्यांनी झोकात आपली दोन अक्षरं दाबली. अनघाताईंसमोर मागं राहणं खेमसिंगजींना शक्यच नव्हतं. त्यांनी आपली दाबली. मग लखनभाऊ, मग मुख्याध्यापक. जे आठवडाभर पाया पडून जमलं नाही ते पाहुण्यांसमोर चुटकीसरशी जमलं. यंत्रानं ते नाकारलं.

"यानं चुकीचे दाबले," रामलालजी म्हणाले.

"म्या? तुमचेच चुकले असन!" खेमसिंगजी खवळले.

"कोणाचीच चूक नाही, साहेब," बाबू म्हणाले. "ते उद्घाटन मी पुसलं."

बाबू खुर्चीवर बसले, पासवर्ड टाकला आणि पडदा उघडला. रामलालजींच्या कपाळावर आठ्या चढल्या. पण पाहुणीसमोर ते गप्प राहिले.

"छान," अनघाताई म्हणाल्या. "आणि मुलं कशी उघडतात?"

चौघं एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. नारळ, फीत, हार, दोन-दोन अक्षरं, सगळ्यांचा विचार झाला होता. संगणक पोरांसाठी आला होता, हे कोणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

"बाबू उघडून देतात ना," मुख्याध्यापक म्हणाले.

"रोज? आणि ते रजेवर गेले तर?" अनघाताईंनी मान हलवली. "मुलांना स्वतः उघडता येत नसेल तर नऊ सोडाच, मला हाही न्यावा लागेल."

बाबूंना उत्तर ठाऊक होतं. कालच त्यांनी ते पाहून ठेवलं होतं. पण ते सांगायला त्यांची जीभ उचलेना. आयुष्यात पहिल्यांदा एक किल्ली त्यांची झाली होती, आणि ती तांदळाची नव्हती. एका रात्रीचंच सुख झालं होतं ते. प्रत्येक पोराकडे आपापली किल्ली गेली तर या खोलीत मुळावकरांना कोण विचारणार? त्यांना त्या किल्लीचा खरोखर लोभ सुटला. मग त्यांनी समोर उभ्या असलेल्या चौघांकडे पाहिलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी खिडकीकडे पाहून हाक मारली. "ए पोरी, आत ये."

सहावीतली बबिता आत आली आणि दारापाशीच थबकली. ती तांड्यावरची होती. अध्यक्षांना इतक्या जवळून तिनं कधी पाहिलं नव्हतं. बाबूंनी उठून तिला खुर्चीवर बसवलं, नवीन माणूस जोडायची जागा उघडली आणि तिचं नाव तिलाच टाकायला लावलं. 'बबिता' असं पडद्यावर उमटलं, 'मुळावकर'च्या बरोबरीनं.

"आता पासवर्ड टाक. आठ अक्षरं. तुझी तुला, कोणाला सांगायची नाहीत. मलाही नाही."

बबितानं बोट उचललं, पण दाबलं नाही. तिच्या खांद्यावरून रामलालजी वाकले होते, दुसऱ्या बाजूनं खेमसिंगजी, मधून लखनभाऊ. तिनं दोन्ही तळहात कीबोर्डवर झाकले आणि बाबूंकडे पाहिलं.

"साहेब, तोंड तिकडं करा," बाबू म्हणाले.

"कोन? मी?" रामलालजींना खरं वाटेना.

"सगळ्यांनीच. मीही करतो."

आणि बाबू भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ममताबाई हसल्या, फिरल्या, आणि त्यांनी लखनभाऊंना दंडाला धरून फिरवलं. मुख्याध्यापकांनी अध्यक्षांकडे पाहिलं, आणि साहेब अजून वळले नाहीत हे दिसत असूनही ते वळले. उपाध्यक्ष वळले तेव्हा अध्यक्षांना राहता येईना. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष खांद्याला खांदा लावून, गेल्या रंगकामात राहून गेलेल्या पोपड्यांकडे बघत उभे राहिले. खिडकीतली पोरं खिदळत होती.

"बाकीचे नऊ सोमवारी पाठवते," अनघाताईही भिंतीकडे बघतच म्हणाल्या.

बबितानं पहिलं अक्षर दाबलं. मग थांबून विचार केला आणि दुसरं दाबलं. तिला काहीच घाई नव्हती.